पांढरें कुत्रें आणि पिवळसर कान

गेल्या महिन्यांत पनवेल येथील आमच्या शेजारच्या मुलीनें आपलें कुत्रें मजपुढें आणून एक अवघड प्रश्न विचारला. कुत्रें लहानखुरें, केसाळ, झुबकेदार शेपटीचें व पांढरें शुभ्र. मात्र कानांच्या टोकांवर फिकट पिवळी झांक होती. घरीं आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीं ‘कानांवर पिवळें आहे, हें कांहीं अस्सल पॉमेरेनियन नव्हे,’ असा निकाल देऊन टाकला होता. ‘मग आमचा मोती खोटा का हो, काका?’ असें ती विचारीत होती.

गृहस्थांचा निकाल पुस्तकास धरून होता. इंग्लंडांतील केनेल क्लब ही संस्था १८७३ सालीं स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणें या जातीच्या कुत्र्याचें वजन सुमारें दोन किलो असावें, एकरंगी कुत्र्यावर दुसऱ्या रंगाची छाया नसावी, आणि पांढऱ्याच्या अंगावर तर लिंबाच्या रंगाची छटासुद्धां नसावी. आमचा मोती वजनांतही नापास, रंगांतही नापास. परंतु असा नियम म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्यासही इतिहास आहे.

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॉमेरेनिया प्रांतावरून या कुत्र्यांस हें नांव पडलें. अठराव्या शतकांत तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनें तीं इंग्लंडच्या दरबारीं आणलीं. चित्रकार गेन्सबरो यानें १७७७ च्या सुमारास रंगविलेली पांढरी पॉमेरेनियन कुत्री लंडनच्या टेट संग्रहांत आहे. आजच्या प्रदर्शनांतील चिमुकल्या कुत्र्यांहून ती कितीतरी मोठी व लांबट तोंडाची असून आमच्या मोतीची थोरली बहीण शोभावी अशी आहे.

पालट झाला तो १८८८ मध्यें. व्हिक्टोरिया राणी फ्लॉरेन्सला गेली असतां तेथें तिला मार्को नांवाचा लहानसा तांबूस कुत्रा मिळाला. यथा राजा तथा प्रजा, या न्यायानें लहान व रंगीत कुत्र्यांची आवड वाढली. १८९१ सालीं इंग्लंडांत या जातीचा स्वतंत्र क्लब निघाला, आणि हळूहळू नारिंगी रंगाचें चिमुकलें कुत्रें हाच लोकांच्या मनांत जातीचा नमुना होऊन बसला.

इकडे हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत आलेल्या स्पिट्झ कुळांतील कुत्र्यांचा वंश मध्यमवर्गाच्या घरीं वाढला, तो बहुतेक पांढराच राहिला. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या बोलपटांतील टफीनें तर तो घरोघर पोंचविला. म्हणजे प्रदर्शनानें जें जुनें रूप मागें टाकलें, तें आपल्या ओसरीवर नांदत राहिलें. आणि खोटें ठरलें तें ओसरीवरचें!

पिवळ्या कानांचा उलगडाही सोपा आहे. बहुतेक पांढऱ्या स्पिट्झांच्या केसांत काळें रंगद्रव्य उतरतच नाहीं. पिवळें तेवढें उरतें, तेंही अतिशय फिकें. तें जेथें किंचित् अधिक राहतें, तेथें पिवळसर छटा दिसते. ती संकराचा पुरावा नव्हे. ज्या कारणानें अंग पांढरें झालें त्याच कारणाची ती खूण होय.

रंगाविषयींचे सगळेच निर्बंध पोकळ आहेत, असें मात्र नाहीं. ‘मर्ल’ नांवाच्या कबऱ्या रंगाच्या दोन कुत्र्यांचा संयोग केला असतां बहिरीं वा आंधळीं पिलें निपजण्याची भीति असते. तेथें नियम पिलांचें रक्षण करतो. पण कानाच्या पिवळ्या टोकानें कोणाचें काय बिघडतें? वधूवरांच्या जाहिरातींत अद्यापि ‘गोरी’ हा शब्द छापणाऱ्या समाजानें तरी आवड आणि गुण यांतील भेद ओळखावयास हवा.

२२ जानेवारी १९०१ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें देह ठेवला. अखेरच्या आजारांत तिनें टूरी नांवाचें आपलें पॉमेरेनियन बिछान्यावर जवळ घेतलें होतें. जिच्या आवडीनें एका जातीचें रूप पालटलें, तिला त्या घटकेस हवी होती ती केवळ सोबत.

मीं त्या मुलीस एवढेंच सांगितलें कीं, प्रदर्शनांत मोतीस बक्षीस मिळणार नाहीं. पण म्हणून तो खोटा ठरत नाहीं. ती ‘बरं’ म्हणाली, आणि मोती आपले पिवळे कान टवकारून तिच्या मागें धांवत गेला.