बाबराची तक्रार आणि जहांगिराचा सोनचाफा

१/८
हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही. बाबराची ही तक्रारींची यादी आपण अनेकदा वाचतो. परंतु त्याच ‘बाबरनाम्या’त इथल्या फुलांविषयीही मजकूर आहे, आणि तो सहसा कुणी उद्धृत करत नाही. आजचा थ्रेड त्याविषयी, आणि बाबराच्या पणतवापर्यंत बदलत गेलेल्या गंधाच्या आवडीविषयी. 🧵

२/८
बाबराच्या मनातले सुगंध काबूलचे होते. तिथल्या डोंगरांवरील ट्यूलिपचे प्रकार त्याने मोजवून घेतले. ते ३२-३३ भरले. एकाला किंचित गुलाबाचा वास येई, म्हणून त्याचे नाव त्याने ‘गुलाबगंधी’ ठेवले. हा सारा बहर मुख्यतः वसंताचा.

३/८
१५२६ मध्ये पानिपत जिंकून तो आग्र्यास आला. उष्णता, वारा आणि धूळ यांनी तो त्रासला. यमुनेपलीकडे त्याने बाग रचली, तीत गुलाब आणि नर्गिस लावले. जणू काबूलचा वसंतच परक्या मातीत रुजवायचा होता.

४/८
तरीही इथल्या केवड्याने त्याला जिंकले. कस्तुरी कोरडी असते, केवडा म्हणजे ओली कस्तुरी, अशा आशयाचे तो लिहितो. अनोळखी गंधाचे वर्णन करताना माणूस ओळखीच्या गंधाचाच आधार घेतो.

५/८
नातू अकबराच्या काळी सुगंधासाठी ‘खुशबूखाना’ हे स्वतंत्र खातेच होते. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त सुगंधी फुलांची यादी दिली आहे: चमेली, मोगरा, चाफा, केतकी, जुई, बकुळ. सोबत फुलाचा रंग आणि बहराचा ऋतूही नोंदवला आहे.

६/८
ही ऋतूची नोंद मला फार महत्त्वाची वाटते. ती करण्यासाठी बागेत वर्षभर वावरावे लागते. इथे मोगरा उन्हाळा सुसह्य करतो, जुई आणि केवडा पावसाळा भारून टाकतात, पारिजातकाचा सडा शरदाची वर्दी देतो. एक गंध ओसरतो, तोवर दुसरा दरवळू लागतो.

७/८
पणतू जहांगीर १५६९ मध्ये फत्तेपूर सिक्रीस जन्मला, १६०५ मध्ये तख्तावर बसला. सुगंधी फुलांच्या बाबतीत हिंदुस्थान साऱ्या जगाहून सरस, असे तो आत्मचरित्रात नोंदवतो. बहरलेला एकच सोनचाफा सबंध बाग सुगंधित करतो, हेही त्याचेच निरीक्षण. पणजोबाला जे नवल वाटले, ते पणतवाला घरचे वाटते.

८/८
अर्थात, ही बादशहांची बाग. ती शिंपणाऱ्या माळ्यांची नावे या याद्यांत नाहीत. पण अबुल फज्लच्या फारसी मजकुरात ‘चंबेली’, ‘केतकी’, ‘जुही’ हे इथलेच शब्द आहेत. दरबाराला ते कुणीतरी शिकवले असणार. बाबराची तक्रारयादी पुन्हा समोर आली, तर तिथेच थांबू नका. केवड्यापर्यंत अवश्य वाचा.