वासंतिक अवर्षण : अहिल्यानगर जिल्हा

फाल्गुनापासून रोहिण्यांपर्यंत जमिनीतील ओल, विहिरींचे पाणी आणि चारा यांचा पडणारा तुटवडा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा (पूर्वीचे नाव अहमदनगर, १७,०४८ चौ. किमी.) सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत मोडतो. नैर्ऋत्य वारे अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांवर आपले बाष्प रिते करून पूर्वेस उतरताना तापतात व कोरडे होतात. म्हणून भंडारदऱ्याचे धरण (१९२६) भरून वाहत असतानाही पाथर्डी, कर्जत, जामखेड येथील जिरायत तहानलेली राहते.

हे अवर्षण जाणवते चैत्र-वैशाखात, परंतु त्याचा निकाल आदल्या भाद्रपद-आश्विनातच लागलेला असतो. उत्तरा-हस्ताचा पाऊस हुकला, की शाळूची पेर साधत नाही, कडबा होत नाही आणि विहिरींचे पाझर माघातच आटू लागतात. पुढे द्वीपकल्पावर प्रतिचक्रवात ठाण मांडतो, त्याच्या दाबाखाली हवा खाली बसते, ढग वाढत नाहीत. वळवाच्या एखाद्या सरीने धूळ बसते, विहीर भरत नाही. तळाच्या खडकात पाय रोवून, कपारीत साचलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरणारी बाई हे या ऋतूचे खरे मोजमाप होय. महसूल दप्तराने मात्र दुष्काळ दीर्घकाळ खरीप-रब्बीच्या आणेवारीवरून ठरविला.

१८९९, १९७२ आणि २०१५ या तिन्ही दुष्काळी वर्षांत प्रशांत महासागरात एल निनो होता. तथापि १९९७ साली तो अतिशय प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला, यास्तव सारा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही. दीर्घकालीन पालट अधिक खोल आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते व ती माती, पाने, तलाव यांतून अधिक ओल ओढू पाहते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या नेतृत्वाखालील अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या; अशा धो-धो पावसाचे पाणी उथळ मुरमाड जमिनीत मुरण्याआधीच ओढ्याने निघून जाते.

आभाळाइतकाच भूजलाच्या उपशाचाही यात वाटा आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे म्हणूनच पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे पाणी आधी राखतात आणि मगच पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे.