बेघरांचा निवारा : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

शहरी बेघरांच्या अभ्यासाकडे वळलेल्या नव्या वाचकाने पुस्तक उघडण्याआधी एकदा उजाडायच्या आत मुंबईतल्या एखाद्या उड्डाणपुलाखाली जाऊन यावे. बायका अंधारातच अंघोळी उरकतात, कारण नंतर आडोसा उरत नाही. ताडपत्री गुंडाळली जाते, भांड्यांचे बोचके कठड्याला बांधले जाते आणि माणसे कामाला निघतात : कुणी मजूर नाक्यावर, कुणी कचरा वेचायला, कुणी लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला. बेघर म्हणजे रिकामटेकडा, ही समजूत आधी सुटायला हवी. ती सुटली नाही, तर पुढचे काहीच नीट कळणार नाही.

२०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांत. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. जिन्याखाली निजलेला किंवा त्याच रात्री फुटपाथवरून उठवला गेलेला माणूस अशा मोजणीतून सहज निसटतो. त्यामुळे हा आकडा कमीत कमी इतके, असाच वाचावा.

कायद्याच्या अंगाने शिरणाऱ्याने ऑल्गा टेलिस खटल्यापासून सुरुवात करावी. १९८१मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याचा सरकारने घाट घातला, त्यातून तो उभा राहिला. १९८५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. निकालाचे गोडवे गाताना हा अर्धा भाग फार वेळा गाळला जातो. पुढे २०१०मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यांसाठी निकष घालून दिला : लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि दार चोवीस तास, बारा महिने उघडे.

निकष चांगला आहे. घोडे अडते ते जागेपाशी. निवारा कामाच्या नाक्यापासून लांब बांधला की तो ओस पडतो, आणि मग तेच ओस पडणे ‘गरजच नाही’ याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. शिवाय पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. मग बारा वर्षांचा मुलगा असलेल्या आईने कुठे जायचे? जागेचे म्हणाल, तर संत गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला, म्हणजे माणसे जिथे येऊन अडत होती तिथेच, धर्मशाळा उभारल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. आपल्या नगररचनाकारांनी निदान एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.

तेव्हा निवारा पाहायला जाल, तर नुसत्या खाटा मोजून परतू नका. कुटुंबाला एकत्र राहता येते का, दिवसा सामान ठेवता येते का, रेशनकार्डासाठी हा पत्ता चालतो का, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. आणि हेच प्रश्न आपल्या महापालिकेलाही लेखी विचारा.