तार की अलाइनर

वाकडे, पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले किंवा फटी पडलेले दात ओळीत आणण्याच्या दोन उपचारांमधली निवड. तारेच्या उपचारात प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाचा छोटा तुकडा चिकटवतात आणि सगळ्या ब्रॅकेटमधून एक तार ओवतात. अलाइनरमध्ये दातांवर घट्ट बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे एकामागून एक घालायचे असतात. गिरगाव-दादरच्या घरांत पहिल्या प्रकाराला ‘तार लावली’ किंवा ‘क्लिप लावली’ म्हणतात. आधीच्या पिढीला आठवते ती ‘प्लेट’, म्हणजे टाळूला चिकटून बसणारी, काढता-घालता येणारी गुलाबी पट्टी. अलाइनरला मराठी नाव अजून मिळालेले नाही.

दिसणारी तार हवी की न दिसणारे प्लास्टिक, असा हा प्रश्न मांडला जातो. प्रत्यक्षात आधी ठरते ते दातांच्या तक्रारीचे स्वरूप, मग ते वापरणाऱ्याची दिनचर्या. दिसण्याचा मुद्दा त्यानंतर येतो.

दोन्ही उपचार शरीराकडून एकच काम करून घेतात. दाताचे मूळ हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर. दातावर हलका पण सतत दाब राहिला की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड भरते. दात सरकतो तो असा, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जोर दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. उलट पडद्यातला रक्तपुरवठा दबतो, दात ठणकतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ‘सहा महिन्यांत हमखास’ ही जाहिरात सौम्य तक्रारीपुरती खरी ठरू शकते. सर्वांगीण उपचाराला दीड-दोन वर्षे लागतातच.

तारेचा इतिहास मोठा आहे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात दात ओढून घेणाऱ्या धातूच्या कमानपट्टीचे वर्णन केले. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्याचे तीन वर्ग पाडले. आजही मुंबईतल्या कोणत्याही दंतरुग्णालयाच्या केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहिलेले दिसते, ते त्यांच्याच वर्गीकरणातले. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची कडी चढवावी लागे आणि हसल्यावर तोंडभर चांदी दिसे. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवण्याची रीत दाखवली, आणि पुढे कड्यांची जागा छोट्या ब्रॅकेटनी घेतली. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. वाकवली तरी मूळ आकाराकडे परतू पाहणाऱ्या या तारेमुळे दाब सौम्य आणि सलग राहू लागला. या क्षेत्रातील तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली.

अलाइनरची कल्पनाही वाटते तितकी ताजी नाही. १९४५ मध्ये एच. डी. केसलिंग यांनी रबरी ‘पोझिशनर’ने दातांची शेवटची किरकोळ हालचाल साधली होती. खरा बदल संगणकाने केला. झिया चिश्ती यांच्या स्वतःच्या दातांवर उपचार झाले होते. उपचारानंतर दात जागेवर राखणारा रिटेनर घालायचा राहिला की दात सरकतात आणि घातला की परत जागेवर येतात, हे त्यांनी अनुभवले होते. तसे अनेक साचे टप्प्याटप्प्याने वापरले तर, या विचारातून त्यांनी केल्सी वर्थ यांच्यासह १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. ‘इन्व्हिसलाइन’ हे तिचे उत्पादन. मुंबईत टूथसी ही अलाइनर कंपनी २०१८ मध्ये सुरू झाली. ‘इल्यूजन’ अलाइनर बनवणाऱ्या लक्ष्मी डेंटल समूहाचे कारखाने मिरा रोडला आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. दादरच्या दवाखान्यात दातांचे स्कॅन करायचे आणि साचे पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यातच तयार व्हायचे, इतका हा व्यवसाय आता घराजवळ आला आहे.

तारेची भेट कशी असते? दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर ब्रॅकेटवरच्या इवल्या रबरी रिंगा टोकदार हत्याराने उपटतात, जुनी तार काढतात, जाड किंवा वेगळ्या आकाराची नवी ओवतात आणि रिंगा पुन्हा चढवतात. मुलांना रंग निवडायला मिळतो. पहिले दोन-तीन दिवस पोळीचा घास चावताना डोळ्यांत पाणी येते, म्हणून घरात मऊ खिचडी नाहीतर वरणभात शिजतो. दाढेमागे तारेचे टोक गालाला टोचले की डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची चिमूट मळून तिथे लावायची. धातूऐवजी दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट घेता येतात. ते कमी दिसतात, पण ठिसूळ असतात आणि काढताना जास्त जपावे लागते. दातांच्या आतल्या बाजूने लावायची लिंग्वल तार बाहेरून दिसतच नाही. मात्र ती जिभेला लागते, महाग पडते आणि ती लावणारे हात कमी आहेत.

अलाइनर हातात घेतला तर बिस्किटाच्या वेष्टनातल्या प्लास्टिक ट्रेइतका हलका वाटतो. कडेला बारीक अक्षरांत क्रमांक असतो. प्रत्येक साचा दाताला पुढच्या टप्प्यावर, फार तर पाव मिलिमीटर, नेईल असा बनवलेला असतो. तो एक किंवा दोन आठवडे घालून पुढच्या क्रमांकावर जायचे. नवा साचा पहिल्या दिवशी नीट बसत नाही, रबरी नळी चावून तो दाबून बसवावा लागतो. ‘अदृश्य’ हा शब्दही अर्धाच खरा आहे. साच्याला पकड मिळावी म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात, आणि जागा करण्यासाठी कधी दोन दातांच्या मधल्या कडा मिलिमीटरच्या अंशाने घासतात. हे आधी सांगितले गेले नाही तर रुग्णाला फसवल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याची चूक नसते.

कोणता उपचार अधिक नेमका, याची मोजणी झालेली आहे. २००५ मध्ये अमेरिकेत ४८ अलाइनरचे आणि ४८ तारेचे रुग्ण एकाच परीक्षापद्धतीने तपासले गेले. अलाइनरच्या गटाचे सरासरी १३ गुण अधिक कापले गेले, पण त्यांचे उपचार सरासरी चार महिने आधी संपले होते. २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात संगणकाने आखलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्ष दिसली. २०२० मध्ये सुधारित प्लास्टिकवर तशीच मोजणी झाली तेव्हा हा आकडा ५० टक्क्यांपर्यंत पोचला. पडद्यावर दाखवलेले सरळ दातांचे चित्र आणि आरशातले दात यांत जे अंतर उरते, ते भरून काढायला मध्ये पुन्हा स्कॅन करून साच्यांचा नवा संच मागवावा लागतो.

कुठे काय बरे, हे यातूनच ठरते. पुढच्या दातांतली फट, चार-पाच मिलिमीटरपर्यंतची दाटी, किंवा लहानपणी तार लावून पुढे रिटेनर सोडल्याने पुन्हा सरकलेले दात, एवढ्यासाठी अलाइनर उत्तम काम देतो. सुळा आणि उपदाढ हे गोलसर दात असतात. ते स्वतःभोवती फिरवायचे असतील तर गुळगुळीत प्लास्टिक निसटते. दात हिरडीतून खाली ओढून आणायचा असेल, उपदाढा काढून झालेली सात-आठ मिलिमीटरची जागा मुळांसकट बंद करायची असेल, तर तार जास्त भरवशाची. कुशल ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात ओळीत आणणारे तज्ज्ञ, अवघड केसही अलाइनरने करतात, पण ते कसब त्यांचे असते, प्लास्टिकचे नव्हे. जबड्याच्या हाडातच फरक असेल तर दोन्ही अपुरे पडतात. वाढत्या वयात जबड्याच्या वाढीला वळण देणारे ट्विन ब्लॉकसारखे उपकरण आणि मोठेपणी शस्त्रक्रिया असा तो वेगळा मार्ग आहे.

आता खाण्याचे. लालबागच्या चिवडा गल्लीशेजारी राहणाऱ्याला कडक शेव, चकली आणि चिक्की सोडायला सांगणे ही लहान गोष्ट नाही. तारेच्या रुग्णाला ती सोडावी लागते. चौपाटीवरचे भाजलेले कणीस दाणे सोलून खायचे, पेरूच्या फोडी करायच्या, ऊस विसरायचा. एक ब्रॅकेट निघाला की एक जादा खेप आणि काही आठवड्यांची रखडपट्टी. त्यात हळद. पारदर्शक किंवा पांढऱ्या रबरी रिंगा दोन दिवसांच्या आमटी-भाजीत लख्ख पिवळ्या होतात. म्हणून अनुभवी डॉक्टर राखाडी, निळा असा गडद रंग सुचवतात. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून राहिले तर दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात आणि तार निघाल्यावरही ते राहतात. दोन दातांच्या मध्ये शिरणारा बारीक ब्रश रोज वापरणे हा तारेच्या उपचाराचाच भाग आहे.

अलाइनरला खाण्याचे बंधन नाही, कारण खाताना तो काढायचाच असतो. पण इथे घड्याळ आडवे येते. साचा दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा, म्हणजे उरतात दोन ते चार तास. सकाळचा चहा-नाश्ता, ऑफिसातला डबा, रात्रीचे जेवण यांत दीड तास सहज जातो. चारचा चहा, स्टेशनबाहेरचा वडापाव, घरी पोचल्यावरचा चहा धरला, आणि प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून किंवा दात घासून साचा परत चढवायचा म्हटले, तर हिशेब संपतो. दादरच्या ‘प्रकाश’ उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घ्यायला बसलेल्याने साचा डबीत ठेवला की बाहेर पडताना तो पुन्हा घालण्याचे भान हवे. कागदी रुमालात गुंडाळून बशीजवळ ठेवलेला साचा खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो. अलाइनर हरवण्याचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. साचा घालूनच गरम चहा पिणाऱ्यांचे प्लास्टिक पिवळट पडते, आकारही बिघडू शकतो. तार मात्र रुग्ण विसराळू असला तरी रात्रंदिवस काम करत राहते. शाळकरी मुलांसाठी ती अजूनही पहिली निवड असते, ती मुख्यतः या कारणाने.

परळ-लालबागच्या मैदानांवर कबड्डी खेळणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. पकडीत तोंडावर कोपर बसले की ओठ ब्रॅकेटवर आतून फाटतो. अशा खेळाडूने तारेवर बसेल असा माउथगार्ड घ्यावा, किंवा केस जमणारी असेल तर अलाइनरचा विचार करावा. शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग असलेल्या नटाला, गायकाला, शिक्षिकेला अलाइनरच्या पहिल्या काही दिवसांत ‘स’ आणि ‘श’ घसरल्यासारखे जाणवतात. मोठ्याने वाचन केले की जीभ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत सरावते.

चाळीतून विरार-बदलापूरला गेलेली कुटुंबे दातांसाठी मात्र जुन्या, विश्वासाच्या डॉक्टरांकडेच दादर-गिरगावात येतात. दर महिन्याला अर्धी सुट्टी काढणे जमत नसेल तर अलाइनरच्या लांब अंतराच्या भेटी सोयीच्या. शिक्षणासाठी वर्षभरात परगावी जाणाऱ्या मुलाला घाईने तार लावू नये. अर्धवट केस दुसऱ्या डॉक्टरांनी हाती घेणे कठीण असते.

खर्चाच्या बाबतीत धातूची तार सर्वांत स्वस्त, सिरॅमिक त्याहून महाग. मोठ्या केसचा अलाइनर खासगी दवाखान्यांत बहुधा लाखाच्या घरात जातो. सर्वसाधारण आरोग्यविमा यातले काही देत नाही. परंतु दादर-गिरगाव भागातल्या माणसाला एक मोठा आधार आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचे पदव्युत्तर विभाग आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तार लावतात, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी येतो. रांग लांब असते, सकाळचे तास द्यावे लागतात आणि उपचार चालू असताना डॉक्टर बदलू शकतात. तरीही ज्या घराला खासगी खर्च झेपत नाही, त्याने मुलीचे दात ‘राहू देत तसेच’ म्हणण्याआधी एकदा तिथे केसपेपर काढावा.

निवड कोणतीही असो, तिच्या आधी हिरड्यांची तपासणी, किडलेल्या दातांची दुरुस्ती आणि सर्व दातांचा ओपीजी एक्स-रे व्हायला हवा. हाड झिजलेल्या, हलणाऱ्या दातांना ढकलणे धोक्याचे असते, आणि ते नुसत्या फोटोवरून कळत नाही. घरबसल्या ठसा घेऊन टपालाने साचे पाठवणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली, तेव्हा उपचार चालू असलेले रुग्ण वाऱ्यावर सुटले. साचा घरी येवो की दवाखान्यात मिळो, रुग्णाला समोर बसवून दात पाहणारा आणि पुढेही भेटणारा डॉक्टर कोण, याचे उत्तर पैसे भरण्याआधी मिळाले पाहिजे. बीडीएसनंतर तीन वर्षांचा एमडीएस याच विषयात केलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, आणि हे विचारण्यात संकोच करू नये.

दात ओळीत आले की ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागी खेचू लागतात. म्हणून रिटेनर. पहिले काही महिने बहुतेक वेळ, नंतर रात्री, आणि बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट आता तो वर्षानुवर्षे घालायला सांगतात. खालच्या पुढच्या सहा दातांच्या आतून बारीक पीळदार तार कायमची चिकटवण्याचीही पद्धत आहे. जिभेने चाचपली तर ती लागते, आरशात दिसत नाही, आणि तिच्यामागे साचणारे किटण सहा महिन्यांनी काढून घ्यावे लागते.