वळिवडे येथील पोलिश निर्वासित छावणी (१९४३-१९४८) : स्वयंसंघटनाचा एक अभ्यास

प्रस्तावना :
निर्वासितांच्या इतिहासात आश्रय देणाऱ्या सत्तेची नोंद ठळकपणे होते. आश्रितांनी स्वतः उभारलेल्या संस्थांचा विचार मात्र मागे पडतो. कोल्हापूरजवळील वळिवडे येथील पोलिश छावणी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात या छावणीतील सामुदायिक संस्थांच्या कार्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९३९ मध्ये सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंड व्यापला आणि १९४०-४१ मध्ये तेथील लक्षावधी नागरिकांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांपैकी अनेकांची सुटका होऊन ते इराणमार्गे बाहेर पडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला. त्यानंतर कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजार लोकांची छावणी वसली. त्यांत स्त्रिया व मुले यांचीच संख्या अधिक होती. अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष युद्धात गेले होते वा मृत्यू पावले होते.

सामुदायिक संस्थांचे कार्य :
निवारा आणि निर्वाहभत्ता यांची सोय शासकीय पातळीवर झाली. परंतु विस्कटलेल्या कुटुंबांना आधार दिला तो शाळा, चर्च, बालवीर पथके आणि नाट्यप्रयोग यांनी. रेडक्रॉसच्या प्रतिनिधी किरा बानासिन्स्का यांनी भारतातील मदतकार्यात पुढाकार घेतला. शाळांतून पोलिश भाषेत शिक्षण मिळाल्याने हद्दपारीत खंडित झालेले मुलांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले.

या संस्थांची खरी कसोटी १९४५ मध्ये लागली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली; पूर्व पोलंडही सोव्हिएत संघाकडे गेला. परतण्यास घर नाही आणि पाठीशी सरकार नाही, अशा स्थितीत समाजाला एकत्र ठेवण्याचे काम याच संस्थांनी केले. १९४७-४८ मध्ये बहुसंख्य कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आदी देशांत गेली. पुढे माजी रहिवाशांनी ब्रिटनमध्ये संघटना स्थापून आठवणी ग्रंथबद्ध केल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये काही वृद्ध माजी रहिवासी कोल्हापुरास येऊन गेले.

पोलिश कुटुंबे गेल्यावर त्याच जागी फाळणीत विस्थापित झालेले सिंधी बांधव वसले. आजचे गांधीनगर ते हेच. कापड व्यापारासाठी ते प्रसिद्ध आहे.

समारोप :
निवाऱ्याने जीव वाचतो. कुटुंबाचे सातत्य मात्र शाळा, भाषा व सामूहिक जीवन यांमुळे टिकते, हे वळिवडेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जालना व बीड जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणारी कुटुंबे निर्वासित नाहीत. तथापि त्यांच्या मुलांचे शिक्षणही स्थलांतरामुळे खंडित होते. साखरशाळांचा प्रयोग याच जाणिवेतून झाला. कुटुंब जेथे जाईल तेथे शाळा पोहोचावी, हा वळिवडेचा धडा मराठवाड्याच्या दृष्टीने आजही मोलाचा आहे.