शीट नावाची दोरी

शिडाच्या होडीवर पहिल्यांदा चढणाऱ्याला इंग्रजी चांगलं येत असलं, तर तो हमखास फसतो. 'शीट' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे चादर येते, आणि होडीवर चादरीसारखं दिसणारं एकच काही असतं, ते म्हणजे शीड. 'शीट ओढ' असं ऐकल्यावर तो कापडाला हात घालतो. पण शीट ही दोरी आहे. शिडाच्या मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याला, नाहीतर शिडाखालच्या आडव्या बूमला ती बांधलेली असते. ओढली की शीड होडीच्या मध्याकडे येतं, सोडली की बाहेर जातं. वाऱ्याशी सगळा व्यवहार या दोरीतून चालतो, म्हणून होडीवर सर्वांत जास्त वेळ हातात असते ती हीच.

कापड आठवणं तसं अगदीच चुकीचं नाही. जुन्या इंग्रजीत शिडाच्या खालच्या कोपऱ्याला 'शेआटा' म्हणत आणि त्या कोपऱ्याची दोरी ती 'शेआट-लीने'. बोलता बोलता शेवटचा दोरीवाचक तुकडा गळाला, कोपऱ्याला 'क्ल्यू' हे दुसरं नाव मिळालं आणि कोपऱ्याचं जुनं नाव दोरीला कायमचं चिकटलं. चादरीची शीट याच घराण्यातली. डच भाषेत तर या दोरीचं नाव आणि मांडीसाठीचा, ओटीसाठीचा शब्द आजही एकच आहे.

मला याहून मोलाची वाटते ती आपल्या किनाऱ्याची साक्ष. कोकण, गुजरात, चितगाव आणि सिल्हेटकडचे खलाशी ब्रिटिश जहाजांवर काम करत. त्यांची डेकवरची बोली ती लष्करी. हिंदुस्तानी, फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांनी बनलेली. थॉमस रोबक या सैन्यातल्या अधिकाऱ्याने 1811 मध्ये कलकत्त्याला तिचा कोश छापला, कारण गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम द्यायचे तर याच बोलीत द्यावे लागत. त्या बोलीत शीटला 'दामन' म्हणत. दामन म्हणजे अंगरख्याचा खालचा घेर, काठ. उत्तर समुद्रावरच्या माणसांना आणि अरबी समुद्रावरच्या माणसांना शिडाचा तो कोपरा पाहून वस्त्राचा काठच आठवावा आणि दोघांनीही त्यावरूनच दोरीला हाक मारावी, हे मला फार सुंदर वाटतं. सारंग, तांडेल आणि सुकाणू ही मराठीतली नावंही याच दर्यावर्दी जगातली.

बाजूंच्या नावांत मात्र लष्करी बोली इंग्रजीपेक्षा शहाणी ठरली. इंग्रजीत उजवी बाजू 'स्टारबोर्ड', कारण पूर्वी सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे. डावी बाजू धक्क्याला लावून माल चढवायचा, म्हणून ती आधी 'लॅडबोर्ड' होती. पुढे स्टारबोर्डच्या जोडीला शोभेल अशी तिची 'लारबोर्ड' झाली आणि घोटाळा तिथेच झाला. वादळात ओरडून सांगितलेल्या या दोन शब्दांतला फरक कानाला कळणार कसा? लष्करी बोलीत त्याच दोन बाजू म्हणजे 'जमना' आणि 'डावा'. यातला दुसरा शब्द कोणत्याही मराठी माणसाला सांगावा लागणार नाही. ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं आणि 'पोर्ट' आणलं. अमेरिकी नौदलाने 1846 मध्ये तेच केलं.

बाजूचं नाव हुकमाने बदलता आलं, मग दोऱ्यांची नावं का नाही बदलली? कारण ती ऐकायला एकमेकांसारखी नव्हती. मोठ्या चौकोनी शिडांच्या जहाजावर शेकडो दोर असत. प्रत्येकाची कठड्यातली खुंटी ठरलेली आणि जहाज बदललं तरी मांडणी साधारण तीच, त्यामुळे खलाशाचा हात अंधारातही नेमक्या दोरावर पडे. डोलकाठी कुठली, शीड कुठलं, बाजू कुठली आणि मग दोराचं नाव, असा पुरता पत्ता सांगून हुकूम दिला जाई. 'ती दोरी ओढ' या वाक्याला तिथे काही अर्थच नव्हता.

लहान होडीतही तेच. वाऱ्याचा झोत आला, होडी एका अंगाला कलली आणि पाणी काठाशी आलं की सुकाणूवरचा माणूस एवढंच ओरडतो: 'मेनशीट सोड!' मुख्य शिडाची ही दोरी कप्प्यांतून येऊन दोन दातेरी जबड्यांत अडकलेली असते. हाताला झटका देऊन ती वर उचलायची, म्हणजे जबडे सुटतात, दोरी सरसरत जाते, शीड फडफडतं आणि होडी सरळ होते. गोंधळून हॅलयार्ड सोडली, तर शीडच डोलकाठीवरून खाली घसरू लागतं.

हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवणारी दोरी. मूळ शब्द 'हॅलियर', ओढणारी. चौकोनी शीड ज्या आडव्या काठीला बांधत त्या काठीचं नाव 'यार्ड'. त्या नावाच्या ओढीने हॅलियरची हॅलयार्ड झाली. आजच्या होडीवर ती काठी नसते, नाव आहे. 'व्हँग' तर घर बदलून आली आहे. डच भाषेतल्या 'पकडणे' या क्रियापदावरून आलेलं हे नाव आधी शिडाच्या वरच्या तिरप्या काठीला दोन्ही बाजूंनी आवरणाऱ्या दोरांचं होतं. बहुतेक होड्यांवरून ती काठी गेली आणि नाव उतरलं बूमला खाली दाबून धरणाऱ्या दोरीवर. ब्रिटनमध्ये याच दोरीला 'किकिंग स्ट्रॅप' म्हणतात. एका वस्तूची दोन नावं, हा आणखी एक ताप.

आणि काही नावं अगदी अलीकडची. ब्रिग्ज कनिंगहॅम हा अमेरिकन मोटार शर्यतींतला नामांकित गडी, ल मांच्या शर्यतीत स्वतःच्या गाड्या उतरवणारा. त्यानेच 1958 मध्ये 'कोलंबिया' ही होडी हाकून ब्रिटिशांच्या 'सेप्टर'विरुद्ध अमेरिकाज कप ही शिडाच्या होड्यांची शर्यत जिंकली. शर्यतीच्या नियमांत शिडाच्या पुढच्या कडेला किती उंची मिळेल हे ठरलेलं असतं. शीड मंद वाऱ्यासाठी पूर्ण मापाचं शिवलं, तर जोराच्या वाऱ्यात ती कडा आणखी ताणायला जागा उरत नाही आणि शिडाचा फुगवटा मागे सरकतो. कनिंगहॅमचा उपाय साधा होता: पुढच्या खालच्या कोपऱ्याच्या थोडं वर शिडाला एक भोक, त्यातून एक दोरी. ती ओढली की कापड खाली ताणलं जातं, फुगवटा पुढे येतो आणि माप मोडत नाही. त्या दोरीचं नाव जगभर कनिंगहॅमच. फ्रेंच आणि जर्मन खलाशीही तेच म्हणतात.