युरोपातील हौशी गोल्फ स्पर्धा आणि ‘हौशी’ ह्या संज्ञेची वाटचाल

खेळांचा इतिहास लिहिताना विजेत्यांच्या नामावळीस जितके महत्त्व दिले जाते, तितके प्रवेशाच्या नियमांस सहसा दिले जात नाही. वस्तुतः एखाद्या स्पर्धेचे सामाजिक स्वरूप तिच्या प्रवेशनियमांत अधिक स्पष्टपणे उमटते. कारण मैदानात कोणी उतरावयाचे आणि कोणी बाहेर राहावयाचे ह्याचा निर्णय खेळ सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो. युरोपातील हौशी गोल्फ स्पर्धांचा इतिहास ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ह्या स्पर्धा शंभरांहून अधिक वर्षे ‘हौशी’ ह्या एकाच संज्ञेखाली भरत आल्या. परंतु त्या संज्ञेचा अर्थ मात्र स्थिर राहिला नाही. प्रारंभी ती माणसाची प्रतिष्ठा सांगणारी संज्ञा होती. आज ती बव्हंशी खेळाडूच्या आयुष्यातील एका टप्प्याची निदर्शक झाली आहे. हे परिवर्तन कसे घडले ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८५७ ते १८५९ ह्या तीन वर्षांत निरनिराळ्या क्लबांच्या सभासदांच्या स्पर्धा भरल्या होत्या. त्या वेळी ‘हौशी’ कोण ह्याची व्याख्या करण्याची गरज कोणासही भासली नाही. क्लबाचा सभासद तो हौशी. आणि काठ्या घडविणारा, चेंडू बनविणारा किंवा सभासदांच्या काठ्या वाहून नेणारा कॅडी तो धंदेवाईक, ही विभागणी सर्वांना गृहीत होती. पुढे ह्या स्पर्धा खंडित झाल्या. मात्र प्रेस्टविक येथे १८६० मध्ये धंदेवाईकांसाठी सुरू झालेली आणि दुसऱ्याच वर्षापासून सर्वांना मोकळी झालेली ‘खुली स्पर्धा’ चालू राहिली. तीत दोन्ही वर्गांचे खेळाडू एकत्र खेळत आणि यशस्वी खेळाडूंना रोख बक्षिसे मिळत. गृहीत धरलेल्या विभागणीला पहिला तडा येथे गेला.

लिव्हरपूलनजीकच्या हॉयलेक येथील रॉयल लिव्हरपूल क्लबाने १८८५ मध्ये हौशी खेळाडूंची सर्वसाधारण स्पर्धा जाहीर केली, तेव्हा हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. प्रवेशासाठी आलेल्या नावांत डग्लस रोलंड हे एक नाव होते. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील हा तरुण पेशाने गवंडी होता. काठ्या विकणे, काठ्या वाहणे किंवा खेळ शिकविणे हा त्याचा चरितार्थ नव्हता. परंतु १८८४ च्या खुल्या स्पर्धेत तो विली फर्नीसह दुसऱ्या क्रमांकावर आला होता आणि त्याने रोख बक्षीस स्वीकारले होते. ह्या कारणास्तव समितीने त्याला प्रवेश नाकारला.

निर्णय वरकरणी सरळ दिसतो. अडचण अशी होती की, रोख बक्षीस घेतलेला दुसरा एक खेळाडू खुद्द हॉयलेकमध्येच होता. ज्या हॉटेलात १८६९ मध्ये रॉयल लिव्हरपूल क्लबाची स्थापना झाली, त्या हॉटेलच्या मालकाचा मुलगा जॉन बॉल ह्याने १८७८ च्या खुल्या स्पर्धेत, वयाच्या सोळाव्या वर्षी, दहा शिलिंगांचे बक्षीस घेतले होते. बॉल हा स्थानिक क्लबाचा लाडका खेळाडू होता. १८८३ मध्ये रोलंड आणि बॉल ह्यांच्यात झालेल्या सामन्यात रोलंडने त्याला मोठ्या फरकाने हरविलेही होते. तरी १८८५ मध्ये बॉल खेळला आणि रोलंड खेळला नाही. ॲलन मॅकफी हा त्या वर्षीचा विजेता ठरला. पण ह्या पहिल्या स्पर्धेस अधिकृत मान्यता मिळण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

पुढल्या वर्षी चोवीस क्लबांनी वर्गणी करून चषक तयार करविला, स्पर्धा नियमित केली आणि ‘हौशी’ शब्दाची व्याख्या निश्चित केली. विक्रीसाठी काठ्या, चेंडू वा खेळाची अन्य सामग्री न बनविलेला. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कधीही, आणि स्पर्धेपूर्वीच्या सहा वर्षांत मुळीच, मजुरीने काठ्या न वाहिलेला. सामना खेळण्याबद्दल किंवा खेळ शिकविण्याबद्दल मोबदला न घेतलेला. आणि १ सप्टेंबर १८८६ पूर्वीच्या पाच वर्षांत कोणत्याही खुल्या स्पर्धेत रोख बक्षीस न स्वीकारलेला खेळाडू तो हौशी, असा तिचा आशय होता.

ह्यातील शेवटचे कलम चिकित्सेस पात्र आहे. पाच वर्षांची मर्यादा मागे मोजली असता १ सप्टेंबर १८८१ ही तारीख येते. बॉलचे १८७८ चे दहा शिलिंग तिच्या पलीकडे राहतात. रोलंडचे १८८४ चे बक्षीस अलीकडे येते. हे कलम बॉलला सांभाळून घेण्याकरिताच योजले गेले असे तारखांवरून अनुमान होते. हेतू काहीही असला तरी परिणाम निःसंशय तोच झाला. व्याख्या आधी ठरली आणि व्यक्ती नंतर पारखल्या गेल्या, असा क्रम येथे नाही. कोणास आत ठेवावयाचे हे १८८५ मध्ये व्यवहारात ठरले होते. १८८६ मध्ये त्यास नियमाचा आकार मिळाला.

२

ह्या व्याख्येचा रोख केवळ पैशाकडे होता असे मानणे बरोबर होणार नाही. तिने निषिद्ध ठरविलेली कामे पाहिली म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. काठी घडविणे, चेंडू तयार करणे, ओझे वाहणे ही सर्व हाताची कामे होत. गोल्फवर ग्रंथ वा लेख लिहून मिळणाऱ्या उत्पन्नाचा उल्लेख तीत नाही. १८८६ आणि १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकणारा ऑक्सफर्डचा पदवीधर होरेस हचिन्सन हा गोल्फविषयक लेखनाबद्दलही तितकाच प्रसिद्ध होता. हॅरल्ड हिल्टन ह्याने १९११ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही हौशी अजिंक्यपदे मिळविली. त्याच वर्षी निघालेल्या ‘गोल्फ मंथली’ ह्या नियतकालिकाचा तो पहिला संपादक होता. लेखणीने खेळातून अर्थार्जन करणारा हौशी राहू शकत होता. रंधा आणि कानस वापरून तेच करणारा राहू शकत नव्हता.

तथापि ह्या पिढीच्या कौशल्यास कमी लेखण्याचे कारण नाही. जॉन बॉलने १८८८ ते १९१२ ह्या काळात हौशी स्पर्धा आठ वेळा जिंकली. १८९० मध्ये प्रेस्टविक येथे खुली स्पर्धा जिंकणारा तो पहिला हौशी आणि पहिला इंग्रज खेळाडू होय. हिल्टननेही १८९२ आणि १८९७ मध्ये तोच मान मिळविला. इकडे रोलंड धंदेवाईक झाला आणि १८९४ च्या खुल्या स्पर्धेत पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आला.

नियमांखेरीज आणखी एक अडसर होता, तो म्हणजे वेळ आणि खर्च. हौशी स्पर्धा बाद पद्धतीने खेळली जाई. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणाऱ्यास कित्येक दिवस घरापासून दूर राहणे, प्रवास व मुक्काम पदरमोडीने करणे भाग होते. रोजंदारीवर जगणाऱ्यास हे कसे परवडावे? ह्या अडसरातूनही वाट काढणारा एक खेळाडू एब मिचेल हा होय. इंग्लंडमधील काही क्लबांशी संलग्न असे कारागिरांचे स्वतंत्र क्लब असत. मैदानाच्या देखभालीत हातभार लावण्याच्या मोबदल्यात ठराविक वेळी खेळण्याची मुभा त्यांच्या सभासदांना मिळे. मिचेल अशाच एका कारागीर क्लबाचा सभासद होता. १९१२ मध्ये वेस्टवर्ड हो! येथील अंतिम सामन्यात त्याची गाठ पन्नास वर्षांच्या जॉन बॉलशी पडली. छत्तीस होलांनंतर बरोबरी झाली आणि अडतिसाव्या होलवर बॉल विजयी झाला. हे त्याचे आठवे आणि अखेरचे अजिंक्यपद. मिचेल लवकरच धंदेवाईक झाला. पुढे प्रसिद्धीस आलेल्या रायडर चषकाच्या शिखरावरील खेळाडूची लहानशी आकृती ह्या मिचेलचीच आहे.

३

युरोप खंडात गोल्फ गेला तो ब्रिटिश प्रवाशांबरोबर. फ्रान्समधील पो येथे १८५६ मध्ये निघालेला क्लब हा खंडावरील पहिला. हिवाळा घालविण्यासाठी तेथे राहणाऱ्या ब्रिटिशांनी तो स्थापिला. बियारिट्झ येथे १८८८ मध्ये मैदान झाले. अशा ठिकाणी पाहुणे खेळत आणि गावातील मुले त्यांच्या काठ्या वाहत. ह्याच मुलांतून पुढे आलेल्या बियारिट्झच्या आर्नो मासीने १९०७ मध्ये, आणि तेही हॉयलेक येथेच, ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. ब्रिटनबाहेरील खेळाडूने ती जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. मासी अर्थातच धंदेवाईक होता. खंडावर खेळाचे खरे कौशल्य प्रथम कॅडींच्या हाती आले. हौशी स्पर्धांत तेथील लोकांनी नाव मिळविण्यास बराच काळ लागला.

ह्या बाबतीत पुढाकार स्त्रियांनी घेतला ही गोष्ट लक्षणीय आहे. लेडीज गोल्फ युनियनची स्थापना आणि स्त्रियांची पहिली ब्रिटिश हौशी स्पर्धा ही दोन्ही १८९३ ची. पहिल्या तिन्ही स्पर्धा लेडी मार्गारेट स्कॉट हिने जिंकल्या. ती उमराव घराण्यातील होती. तिचा भाऊ मायकेल स्कॉट १९३३ मध्ये हॉयलेक येथे पुरुषांची हौशी स्पर्धा जिंकला. १९२७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर भागातील रॉयल काउंटी डाउन येथे सिमोन थिओं द ला शोम ह्या फ्रेंच युवतीने स्त्रियांचे अजिंक्यपद मिळविले आणि दुसऱ्याच वर्षी मानेत ल ब्लाँ हिने ते फ्रान्सकडेच राखले. सिमोनचा विवाह पुढे टेनिसपटू रने लाकोस्त ह्याच्याशी झाला. त्यांची कन्या कातरिन लाकोस्त हिने १९६७ मध्ये धंदेवाईक स्त्रियांना मागे टाकून अमेरिकेची खुली स्पर्धा हौशी म्हणून जिंकली. १९६९ मध्ये आईप्रमाणेच उत्तर आयर्लंडमध्ये, रॉयल पोर्टरश येथे, तिने ब्रिटिश अजिंक्यपदही मिळविले. पुरुषांत खंडावरील पहिला विजेता निघण्यापूर्वी चोपन्न वर्षे फ्रेंच स्त्रीने ही मजल गाठली होती. मात्र हे यशही सुस्थित घराण्यांतील होते. व्याख्येचा सामाजिक पाया त्याने हलविला नाही.

तो हलविला राष्ट्रीय संघटनांनी. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, बर्लिन ऑलिंपिकनंतर, बाडेन-बाडेन येथे राष्ट्रांच्या दोन-दोन हौशी खेळाडूंची स्पर्धा भरली. तिचा चषक हिटलरच्या नावे दिला गेला होता. जर्मनीला मागे टाकून आर्नल्ड बेंटली आणि टॉमी थर्स्क ह्या इंग्लंडच्या जोडीने तो जिंकला. पारितोषिक देण्यास निघालेला हिटलर ही वार्ता ऐकून वाटेतूनच परतला, ही कथा वारंवार सांगितली जाते. तिला आख्यायिकेहून अधिक मोल देऊ नये. महत्त्वाची गोष्ट ही की, येथे हौशी खेळाडू स्वतःच्या क्लबाचा नव्हे तर राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून उतरला. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, लक्झेंबर्ग येथे युरोपियन गोल्फ असोसिएशनची स्थापना झाली. महायुद्धाने तिचे कार्य थांबले. पण १९५९ मध्ये स्वीडनमधील फाल्स्टरबो येथे हौशी संघांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि यजमान स्वीडननेच ती जिंकली.

ह्या संघस्पर्धांचा परिणाम दूरगामी झाला. राष्ट्राच्या वतीने खेळणाऱ्याचा खर्च संघटनेने करणे हौशीपणास बाधक मानले जात नसे. त्यामुळे पूर्वी जो खर्च वडिलोपार्जित संपत्तीतून होई, तो आता सार्वजनिक संस्थेच्या निधीतून होऊ लागला. गुणी मुलगा हेरावा, त्याला शिकवावे आणि देशोदेशींच्या स्पर्धांत पाठवावे, ही पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये मात्र जुनी परंपरा आणखी काही काळ टिकली. १९६१ ते १९७० ह्या काळात पाच वेळा अजिंक्य ठरलेला मायकेल बोनॅलॅक कधीच धंदेवाईक झाला नाही. आजन्म हौशी राहिलेल्या श्रेष्ठ खेळाडूंच्या मालिकेतील तो शेवटच्यांपैकी एक होय.

४

१९८१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे फिलिप प्लुझू ह्या फ्रेंच खेळाडूने हौशी अजिंक्यपद मिळविले. युरोप खंडावरील हा पहिला पुरुष विजेता. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, फॉर्म्बी येथील अंतिम सामन्यात स्पेनच्या होसे मारिया ओलाथाबलने कॉलिन माँटगोमेरी ह्यास हरविले. ओलाथाबलचे वडील सान सेबास्तियानच्या गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. रोलंडला प्रवेश नाकारला गेल्यास तेव्हा नव्याण्णव वर्षे झाली होती. ज्या स्पर्धेच्या उंबरठ्यावरून एका गवंड्यास परत पाठविले गेले, तिचा चषक मैदानावर राबणाऱ्या कामगाराच्या मुलाने उचलला. दुसऱ्याच वर्षी तो धंदेवाईक झाला आणि पुढे १९९४ व १९९९ मध्ये त्याने अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा जिंकली.

ह्यानंतरच्या विजेत्यांचा क्रम बव्हंशी हाच आहे. सर्जिओ गार्सिया (१९९८) आणि सोळाव्या वर्षी अजिंक्य ठरलेला इटलीचा मातेओ मानासेरो (२००९) हे दोघेही लौकरच धंद्यात उतरले. बॉलच्या काळी हौशीपण ही आयुष्यभराची अवस्था होती. ह्या तरुणांच्या दृष्टीने ती उमेदवारी आहे. द्वार उघडले हे खरे. परंतु ज्यास नोकरीधंदा सांभाळून, केवळ आवडीने, उच्च दर्जाचे गोल्फ खेळावयाचे आहे अशा प्रौढ माणसास त्याच द्वारातून आत शिरणे आता कठीण झाले आहे. पूर्वी श्रीमंतीने दिलेली सवड आज पूर्णवेळ सरावाने घेतली आहे. एका प्रकारची वगळणूक संपली आणि दुसऱ्या प्रकारची सुरू झाली, असे म्हणावे लागते.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी ह्या वस्तुस्थितीस मान्यता दिली. खर्चासाठी पुरस्कर्ते घेण्यावरील निर्बंध काढून टाकण्यात आले आणि रोख बक्षिसाची मर्यादा ७०० पौंड किंवा १००० डॉलर ठरली. १८८६ च्या व्याख्येतील कलमांपैकी काठ्या घडविणे आणि ओझे वाहणे ह्यांचा आता दोष उरलेला नाही. मोबदला घेऊन खेळ शिकविणारा मात्र सामान्यतः अजूनही हौशी मानला जात नाही. जुन्या व्याख्येचा तेवढाच ठळक अवशेष शिल्लक आहे. रोलंडचे १८८४ मधील बक्षीस काही पौंडांचे होते. आकड्यापुरते पाहिल्यास आजच्या नियमाने त्याला हॉयलेकचे दार उघडे राहिले असते. शब्द तोच राहतो, नियमाची घोषित कारणेही बहुधा तीच राहतात; बदलते ती त्या शब्दाने आत घ्यावयाची माणसे. म्हणूनच अशा संज्ञांचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा प्रवेशाच्या नोंदींत, विशेषतः नाकारलेल्या नावांत शोधणे इतिहासाच्या अभ्यासकास अधिक फलदायी ठरते.